वाटीभर साखर

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. माझा गुडघा ठीक आहे. नातीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं हवेतच जातं.

मुलगा तुझं फार कौतुक करतो. घराचा आणि गाडीचा विमा मामाकडून एकत्र काढला आणि हप्ता केवढा उतरला, हे येईल त्याला सांगतो. मीही मिरवत होते. आणखी कमी कर म्हणून तुझ्या मागे लागले होते ती मीच, ते कबूल करते.

गेल्या महिन्यात अवकाळी पावसात छत गळलं. त्याची भरपाई मागितली म्हणून कंपनीचा माणूस पाहणीला येणार होता. त्या सकाळी मुलाने माझी खाट उभी करून भिंतीला लावली, माझी शेगडी गाडीच्या डिकीत टाकली आणि माझ्या मागच्या खोलीत खोकी रचली. मला म्हणाला, तू दोन तास वाचनालयात बस. का, ते मी विचारलं नाही.

चष्मा विसरले म्हणून परत आले. तो माणूस हॉलमध्येच उभा होता, तू भरलेला फॉर्म मोठ्याने वाचत. मागची खोली अडगळीची, राहणारी माणसं तीन. मला बघून त्याने विचारलं, ह्या कोण?

मुलगा म्हणाला, "शेजारच्या मावशी आहेत."

मी म्हटलं, "वाटीभर साखर हवी होती."

सुनेने मान खाली घालून वाटी भरून दिली. नात तोंड उघडणार तोच तिला आत नेलं. चष्मा राहिलाच. वाचनालयात मी साखरेची वाटी मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, आई वेगळी शेगडी मांडून राहते असं लिहिलं की हप्ता चढतो, मामानेच सुचवलं. कागदापुरतंच तर आहे. भरपाई मंजूर झाली. त्याला आठ दिवस झाले, पण खाट अजून उभीच आहे. पुन्हा कोणी पाहायला आलं तर, म्हणतात. मी सोफ्यावर झोपते.

मुलाचा राग येतो, पण तुझा जास्त येतो. तुला कडेवर घेऊन मी शाळा बुडवली. अडगळ लिहिताना तुझा हात जरासुद्धा थांबला नाही?

असो. मुलाचा कागद खोटा पडायला नको. रविवारी मी तुझ्याकडे येते आहे, कायमची. तुझ्या स्वतःच्या घराच्या फॉर्मवर माणसं किती लिहिली आहेस, तो आकडा तेवढा सुधारून ठेव.

वाटी तशीच भरलेली आहे. येताना आणते.

तुझी,
शेजारची मावशी