फौजदाराने भरलेल्या बांगड्या

बाबा, काल तुमचा तो मुका सिनेमा परत बघितला. मोबाईलवर. तुमची नात खारघरला कॉलेजात जाते, तिला तो अभ्यासाला लागलाय. फार जुना हाय, कुठल्याशा गाजलेल्या गुप्तहेराच्या गोष्टीवरून काढलेला, म्हणे. मी भाकऱ्या थापत होते. टोपीवाला माणूस भिंग घेऊन सतरंजी हुंगताना दिसला आणि मी ओरडलेच, "अगो, हा तर आपला फौजदार!" तव्यावरची भाकरी करपली. करपू दे.

जत्रेतला तंबू आठवतो ना? मिठागरातून सुटलात की तुमी तिथे दोर ओढायला जायचात. त्या संध्याकाळी आवाजाची पेटी बंद पडली, लोक शिव्या घालायला लागले, तेव्हा मालकाने ही मुकी रिळं लावली आणि भोंगा तुमच्या हातात दिला. "सांग कायतरी, नायतर तंबू फाडतील." मधेमधे इंग्रजी अक्षरं यायची. तुमाला मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं, पण अडलात कुठे? मालकिणीची मोत्यांची माळ जाते, संशय भांडीवालीवर, फौजदार घरभर फिरतो, सगळं आपल्या भाषेत. मी आईच्या मांडीवर. आई पदर तोंडावर ओढून बसलेली. पनवेलला जिथे ती भांडी घासायची त्या घरातली अंगठी गेली होती, आणि गावातली एकही बाई तिच्याशी धड बोलत नव्हती. तिला यायचंच नव्हतं. तुमीच हाताला धरून आणलंत.

शेवटी फौजदार भांडीवालीचे दोन्ही हात धरतो. मागून कोणीतरी बोललीच, "बघा, गावली चोरटी!" तुमी भोंगा तिच्याकडे वळवलात. आणि मग तुमी, "गप गो! माळ गादीखालीच गावली. फौजदार माफी मागतोय तिची. बघा बघा, बांगड्या भरतोय तिला!" सगळा तंबू हसला. आईने पदर खाली घेतला. "काय पण सांगतात," म्हणाली, आणि तीही हसली. सकाळी विहिरीवर बायका तिला चिडवत होत्या, "आमालाबी भर गो तुझ्या फौजदाराकडून बांगड्या." चिडवत होत्या, म्हणजे बोलत होत्या. ती अंगठी सापडली की नाय, कोणी येऊन सांगितलं नाय.

काल तुमी सांगितलेली बांगड्यांची गोष्ट ऐकवली तशी पोरगी हसली. "आई, बेड्या आहेत त्या. चोर तीच आहे, इथे लिहिलंय बघ. आजोबांना कळलंच नाही." माझं डोकंच फिरलं. अक्षरं कळत नव्हती तुमाला, बेड्या कळत होत्या. मिठागराच्या संपात तुमच्याच मनगटात पडल्या होत्या त्या.

हे लिहून पाठवू कुठे? तुमाला वाचता येत नाय, तिकडे शेजारी आई बसली असेल, तर तिलाही नाय. राहू दे ही चिठ्ठी तांदळाच्या डब्यात. एकच सांगते. पोरीला मी खरं सांगितलं नाय. म्हटलं, "बांगड्याच हायत. तुझं इंग्रजी कच्चं हाय. जेव आता."