मशीनच्या टाकीतलं जुनं पेट्रोल

सूनबाई,

मागच्या दारातलं रक्त पाहून घाबरू नकोस. ते तुझ्या नवऱ्याचं आहे.

गवत कापायचं मशीन सुरू होईना, तेव्हा तू पेट्रोलमध्ये पाणी घातलंस असं म्हणत त्याने काल तुला मारलं. आज तू दूध आणायला गेल्यावर मी माहितीपुस्तिका समोर ठेवून मशीन उघडलं. गेल्या हंगामातलं पेट्रोल टाकीतच राहिल्याने कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरला होता. टाकी रिकामी करायचं काम त्याचं होतं. मी त्याला तसं सांगितलं, बहुधा चुकीच्या शब्दांत.

"म्हाताऱ्या, गप पुस्तकं वाच. येऊ दे तिला, आज हातच मोडतो तिचा," तो म्हणाला. तेव्हा माझ्या हातातला पाना त्याच्या डोक्यात बसला. बसला म्हणजे मीच मारला. दोनदा.

शेजारचे कंपाउंडर त्याला टाके घालायला घेऊन गेलेत. मी चौकीत जातोय, कालचंही सांगेन. तो परतायच्या आत तू तुझ्या ताईकडे जा. माझ्यासाठी थांबू नकोस.

कार्बोरेटर पुसून नवं पेट्रोल भरलं, तर मशीन पहिल्याच ओढीला सुरू झालं. जुन्या पेट्रोलमध्ये पाण्याचा थेंबही नव्हता, पोरी.

मामंजी