आज सुट्टी आहे, कोलू

वडसा,
१६ मे २००१

प्रिय निशात,

अम्मीच्या दुआ आणि माझा सलाम. हाफिजमियांनाही माझा सलाम सांग. हे पत्र घाईत उभ्या उभ्या वाचू नकोस, बस आणि मग वाच. घरी सगळे ठीक आहेत, अम्मीचे गुडघे तेवढे कुरकुरतात. सातवा महिना लागला म्हणून तिने तुझ्यासाठी गोधड्या शिवायला घेतल्या आहेत आणि त्यातलं कापड कमी पडलं तर माझ्या लुंग्या फाडीन अशी धमकी दिली आहे. गोष्ट घरची नाही. गोष्ट कोलूची आहे. त्याला धानाच्या गिरणीतून काढलं. आता नाही, मार्चमध्येच काढलं. मागच्या दोन्ही पत्रांत तू विचारलंस आणि मी 'कोलू मजेत आहे' असं लिहिलं, ते खोटं होतं.

आता तू कपाळाला हात लावला असशील. लाव. पण पुढचं वाच, कारण तुला वाटतं तेवढंच ते नाही.

तू संस्थेतून त्याला पहिल्यांदा गिरणीत घेऊन आलीस तो दिवस मला अजून आठवतो. चोवीस वर्षांचा बाप्या, पण आईचा पदर धरून उभा. सेठ हसला, हमाल हसले, आणि खरं सांगतो, मीही हसलो. माझी बहीण नोकरी करते म्हणजे मतिमंद माणसांच्या शेजारी उभी राहते, हे मला तेव्हा कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटायची. तू तीन महिने त्याच्याजवळ उभी राहिलीस. आधी त्याच्या हातावर हात ठेवून दाभण धरायला शिकवलंस. मग नुसतं कोपराला बोट लावायचीस. मग दोन पावलं मागे, मग माझ्या वजनकाट्यापाशी, मग गिरणीच्या दाराशी, आणि एक दिवस तू आलीच नाहीस. त्याला दहाच्या वर मोजता येत नव्हतं, म्हणून तू पोत्याच्या तोंडावर कोळशाने सात टिपके आणि परत सात टिपके काढायचीस. चौदा टाके. एक कमी नाही, एक जास्त नाही. कोंड्याने तुझं डोकं पिवळं व्हायचं आणि अम्मी रोज ओरडायची.

जाताना तू मला त्याचा जोडीदार केलंस. कागदावर सही घेतलीस, सख्ख्या भावाची. काम बदललं तर तीन आठवडे नव्याने शिकव, असं सांगितलंस. आणि त्याला पक्कं करून दिलंस की घरी आईचं ऐकायचं, गिरणीत फक्त अकरमभाऊचं. ते त्याने असं धरलं की सेठने पाणी प्यायला पाठवलं तरी तो आधी माझ्याकडे बघायचा. अडीच वर्षं त्याने एक पोतं वाकडं शिवलं नाही. मुखरू चौकीदार म्हणायचा की गिरणीचा भोंगा चुकेल पण कोलू नाही चुकणार.

मार्चमध्ये सेठने पोती शिवायची मशीन आणली. हातात धरायची, विजेची, घर्र करून एका दमात पोत्याचं तोंड बंद. ती चालवायचं काम मला मिळालं, पगारही वाढला, ते मात्र मी तुला लगेच कळवलं होतं, बघ. कोलूचं काय झालं ते नाही कळवलं. मी मशीनने पोतं शिवायचो, पुढे सरकवायचो, आणि तो त्या शिवलेल्या पोत्यावर परत चौदा टाके घालायचा. पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यावर खेकसलो. तो थांबला, आणि मी वळलो की परत सुरू. तिसऱ्या दिवशी ट्रक दोन तास खोळंबला आणि सेठचं टाळकं फिरलं. संध्याकाळी त्याने मला बोलावलं. म्हणाला, तू त्याचा जोडीदार आहेस, तूच सांग, ठेवू का काढू.

निशात, तो काढायला निघाला नव्हता गं. विचारत होता. रिकाम्या पोत्यांचा बारदाना झटकायचा, फाटका वेगळा काढायचा, हे काम होतं, माझ्या डोक्यात आलंही होतं. पण त्यासाठी मला तीन आठवडे त्याच्याजवळ उभं राहावं लागलं असतं आणि माझी नवी मशीन तेवढे दिवस लच्छू हमालाच्या हातात गेली असती. लच्छू केव्हाचा डोळा ठेवून होता. मी म्हणालो, सेठ, तुमची मर्जी. एवढंच म्हणालो. मग मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

सकाळी आठला तो डबा घेऊन दारात हजर. मुखरूला मी सांगून ठेवलं होतं की मीच सांगतो त्याला. तुला आठवत असेल, पहिल्या वर्षी पोळ्याला गिरणी बंद होती तेव्हा तो दारात बसून रडला होता. मग तू त्याला शिकवलंस की अकरमभाऊ सुट्टी म्हणाला की घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी यायचं. मला तेच सुचलं. मी म्हणालो, "आज सुट्टी आहे, कोलू." तो हसला, मान हलवली आणि वळला. मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. चार दिवस असं म्हणत राहू, मग येणं आपोआप बंद होईल. त्याला वाईट वाटू नये म्हणून केलं असं मी स्वतःला सांगत होतो. तुझी शपथ, मला तेव्हा ते खरंच वाटत होतं.

पण येणं कसं बंद होईल? सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी यायचं असतं, हे तूच त्याला शिकवलेलं. तो रोज आला. रोज आठला आला, आणि मी रोज म्हणालो, आज सुट्टी. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याने गिरणीच्या धुराकडे बोट केलं. मी म्हणालो, साफसफाई चालू आहे. त्यानंतर तो घरी जायचाही थांबला. समोरच्या कडुनिंबाखाली पाचपर्यंत बसायचा, डबा खायचा, फाटक्या पोत्याचा एक तुकडा होता त्याच्याजवळ, त्याला चौदा टाके घालायचा, उसवायचा, परत घालायचा. हमाल येता-जाता बघायचे.  मी आत मशीन चालवत राहायचो.

घरी त्याच्या आईला वाटत होतं की पोरगं कामावर जातं. सात एप्रिलला पगार आला नाही तेव्हा सुगंधाबाई गिरणीत आली. मला वाटलं शिव्या देईल. तिने दिल्या नाहीत. दाराशी उभी राहून हळूच म्हणाली, "अकरमभाऊ, काढलं तं काढलं. पन मी रोज डबा बांधून देत होती ना. मले तं सांगाचं होतं."  मला आजवर कुणी एवढं मारलं नाही.

तिने त्याला घरी समजावलं. तो ऐकेना. घरी आईचं ऐकायचं, पण गिरणीची गोष्ट अकरमभाऊची. मग तिने मलाच गळ घातली की तुम्ही सांगा. मी सांगितलं गं. मुखरूला साक्षीला घेऊन कडुनिंबाखाली गेलो, खाली बसलो, त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणालो, कोलू, तुझं काम संपलं, आता यायचं नाही. तो विचारतो, "आज सुट्टी?" म्हटलं, सुट्टी नाही, काम नाही, कधीच नाही. 'कधीच' त्याला कळत नाही, तुला माहीत आहे. तो रडायला लागला, पोळ्याला रडला होता तसा, आणि रडत रडत विचारतो, "भाऊ, उद्या?" आणि माझ्या तोंडून निघालं, हो, उद्या. मुखरूने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून उठून थेट मशीनवर गेलो.

मग सुगंधाबाईने त्याला बांधायला सुरुवात केली. तिला धानाच्या कामाला जावं लागतं, घरी दुसरं कोणी नाही, बाहेर ऊन सत्तेचाळीस. पायाला बैलाचं दावं आणि ते खाटेला. मी जाऊन पाहिलं. घोट्याची कातडी सोललेली. खाटेवर बसून तो मला बघून हसला, कारण त्याला वाटलं मी त्याला कामावर न्यायला आलो.

मागच्या मंगळवारी त्याने दावं सोडलं. सोडता सोडता उशीर झाला असणार, म्हणून तू शिकवलेला रेल्वे फाटकाचा रस्ता धरला नाही, सरळ रूळच ओलांडले. मालगाडी उभी होती, तिच्या दोन डब्यांच्या मधून, खालून. तो निम्मा बाहेर आला आणि गाडी हलली. मुखरूने हे डोळ्यांनी पाहिलं. कोलू धापा टाकत दारात आला, अंगभर ग्रीस, आठ वाजून गेले म्हणून भेदरलेला. उशीर झाला म्हणून मी रागावेन याचीच त्याला भीती होती.

अम्मीने पुढच्या महिन्यात तुला बाळंतपणाला आणायचं ठरवलंय. मी म्हणतो, आत्ताच ये. सिरोंच्याहून एसटीचा रस्ता कसा आहे ते मला कळतं, तुझी अवस्थाही कळते. हाफिजमियां नाराज होतील, तर त्यांना हे पत्र दाखव, मी वाईट ठरलो तरी चालेल. नोकरी मागायला ये असं म्हणत नाही, मी सेठच्या पाया पडून पाहिलं, तो आता नाहीच म्हणतो. तू कोलूला यायला शिकवलंस. न यायला शिकवणं मला येत नाही, ते तुलाच येईल. हात धरून, मग कोपराला बोट लावून, जसं तुझं असतं तसं, आणि या वेळी शेजारी मला उभं कर, महिना लागो की तीन. मशीन मी कालच लच्छूला दिली. मला काय बोलायचं ते नंतर बोल. सुगंधाबाईला मी दावं काढायला लावलं आहे आणि त्याच्या बदल्यात तिला शब्द दिला आहे. तू येईपर्यंत मी रोज पावणेआठला त्यांच्या घरी जातो, कोलूचा हात धरतो, त्याला फाटकातून रूळ ओलांडून गिरणीच्या दाराशी आणतो, आणि सांगतो की आज सुट्टी आहे.

तुझाच,
अकरम