कल्याणचे दिवे

१२ जानेवारी, सोमवार
आजही एक एलईडी दिवा परत आला! साळूबाईंचा. विकताना प्रत्येक दिव्याच्या मानेवर मी तारीख घालतो. माझ्याच अक्षरात दिवाळीची तारीख — आणि दिवा बंद. खोक्यावर मात्र अनेक वर्षांच्या आयुष्याची हमी! धाकट्या भावाने, कल्याणने, शिकवलेले उत्तर मी दिले — गावात व्होल्टेज कमी-जास्त होते.
"व्होल्टेज माझ्याच घरी येतं व्हय? शेजारनीचा कंपनीचा दिवा जळतोय की अजून!"
बदलून दिला.

१४ जानेवारी, संक्रांत
कानिफनाथ दुकानात शिरला तोच हात पुढे करून — "तिळगूळ घ्या शेठ, अन् दिवा बदलून द्या!" सारे हसले. मलाही हसावे लागले.
बेलापुरात माझ्या मालावर विनोद कधी झाला नव्हता. कल्याणने सावेडीत सुटे भाग आणून दिवे जोडायला घेतले, तेव्हा गिऱ्हाइकांना मीच सांगत होतो — निर्धास्त न्या, घरचा माल आहे.

१८ जानेवारी, रविवार
एक बंद दिवा उघडून पाहिला. पांढऱ्या टोपीखाली पिवळे ठिपके. त्यांतल्या एकावर काळा डाग. एक जळाला की सगळीच ओळ विझते. मागचा पत्रा पोस्टकार्डाइतका पातळ! उष्णता जाणार कुठे? दोष व्होल्टेजचा नव्हे.
कल्याणला फोन केला. "दादा, तू कॉमर्सवाला. तुला यातलं काय कळतंय?" — आणि लगेच, "पुढची खोकी उद्या पाठवतो."

१९ जानेवारी
खोकी आली. फोडली नाहीत.

२३ जानेवारी, शुक्रवार
माझी खात्री झाली आहे. त्याला सर्व ठाऊक आहे. इतका पातळ पत्रा चुकून लागत नाही. गावात माझ्या शब्दाला किंमत आहे, म्हणून माल माझ्या गळ्यात!
रविवारी टेम्पो करून खोकी परत टाकून येणार. काय बोलायचे ते क्रमवार ठरवले आहे. सख्खा भाऊ म्हणून कुठेही अडखळायचे नाही. कंटाळा आला आहे या सगळ्याचा.

२५ जानेवारी, रविवार
कल्याणच्या घरात सगळीकडे त्याचेच दिवे. बैठकीतला निळसर पडलेला, स्वयंपाकघरातला लुकलुकणारा. त्या उजेडात त्याची बायको मोनिका मेथी निवडत होती. "दुसरा दिवा हे घरात येऊच देत नाहीत, दादा. डोळ्यांना सवय झाली आता."
कल्याण स्टुलावर चढून एक बदलत होता. "सावेडीतही व्होल्टेजची बोंब आहे बघ!" मी पातळ पत्र्याचा विषय काढला. तो वरूनच हसला — "सुटे भाग देणारा दिल्लीवाला इंजिनिअर आहे, दादा. तो मला चुकीचा पत्रा कशाला देईल?"
त्याला खरोखरच ठाऊक नाही!
ठरवलेले एकही वाक्य उच्चारता आले नाही. खोकी टेम्पोतच राहिली. मोनिकाने वाढले, जेवलो.