बोडक्या पट्ट्यावरची झोप

३ जून

नाही, मला एकट्याला भीती-बिती वाटत नाही. कोणी विचारलं नाही म्हणा. पण पोरगी फोनवर ज्या आवाजात 'बाबा, जेवलात ना?' म्हणते, त्यात तेच असतं. जेवलो. खोकलो. झोपलो. झालं.

डॉक्टर म्हणाला, मातीतली बुरशी आहे. धुळीतून छातीत शिरली. माणसाकडून माणसाला लागत नाही. हे पोरीला दोनदा सांगितलं. 'हो हो, पण छोटीला जरा नंतरच आणते.' आण बाई नंतर.

गोळ्या कदाचित जन्मभर. वनखात्याने भरपाई मंजूर केली तर चालू, नाहीतर हे पाकीट शेवटचं. माझ्या खिशाला झेपणाऱ्या नाहीत त्या.

५ जून

भरपाईच्या हापिसात गेलो. बाई वाईट नव्हती, पण मान काही वर करत नव्हती.

'भाजला असतात तर प्रश्नच नव्हता, काका. धुराने छाती गेली तरी यादीत आहे. बुरशी नाही. ती कामावरच लागली कशावरून? माती काय, सगळीकडे असते. घरी कुंड्या आहेत?'

आहेत. हिने लावलेल्या. ही गेल्यापासून मीच पाणी घालतो.

'बघा!'

म्हटलं, बाई, वणवा अडवायचा म्हणजे आधी गवत, झुडपं, मुळं सगळं खरवडून मातीचा बोडका पट्टा काढायचा. ती धूळ दिवसभर खायची. आणि दमलो की त्याच पट्ट्यावर पालथं पडून झोपायचं. कारण तिथे जळायला काही उरलेलं नसतं. आख्ख्या डोंगरात तेवढीच भरवशाची जागा.

तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. 'तुमच्या शेजारी झोपणाऱ्या कोणाला हाच आजार निघाला, तर केस पक्की.'

शेजारी म्हणजे भोपळ्या. डोक्यावर केस नाही म्हणून भोपळ्या. घोरतो असा की आग घाबरून मागे फिरावी.

६ जून

भोपळ्याला फोन केला. बोलताना तीनदा खोकला.

'अरे, छाती तपासून घे.'

'कशाला? धूर गिळलाय नुसता.'

आमच्यात सगळे हेच म्हणतात. वणव्यावरून उतरलेला प्रत्येक जण खोकतो. खोकला म्हणजे धूर. मीही अंथरुणाला खिळेपर्यंत तेच म्हणत होतो.

'तुझं तपासलं तर माझं काम होईल.'

'आणि माझं? काही निघालं तर घरी बसवतील मला. घरी बसून काय करू? तुझ्यासारखं कुंड्यांना पाणी घालू?'

'मग खोक एकटाच,' म्हणालो आणि फोन आपटला.

९ जून

भोपळ्याचा फोन. उचलला नाही.

१४ जून

पुन्हा. वाजू दे. आधी तपासून घे म्हणावं, मग बोलू.

१७ जून

शेजारचा मनुष्य जिन्यात दिसला की श्वास रोखतो. मी मुद्दाम सावकाश चढतो.

छोटीची बाहुली कपाटावर आहे. खाली घेतली, पुसली, परत ठेवली. बाकी दिवसभर काही नाही. पट्ट्यावर दगड टोचायचे, अंगावर राख पडायची, कानाशी भोपळ्या घोरायचा. तिथे झोप लागायची. इथे गादी आहे.

२० जून

भोपळ्याच्या नंबरावरून आज सकाळपासून सारखा फोन. एवढी काय घाई झाली आता? मोबाइल गादीखाली घातला.

२५ जून

हापिसातली बाई म्हणाली, पुरावा नसेल तर या महिनाअखेर केस बंद. बंद तर बंद.

३० जून

बाईचा फोन. केस पास. गोळ्या चालू राहतील. 'दुसरा माणूस सापडला, काका. त्यांच्या छातीत तीच बुरशी निघाली.'

म्हटलं, गेला का शेवटी डॉक्टरकडे, भोपळ्या!

बाई म्हणाली, 'तुम्हाला कळलं नाही? वारले ते वीस तारखेला. त्यांच्या बायकोनेच मग डॉक्टरांना सांगितलं, छाती तपासा. शेजारी झोपणाऱ्याच्या कामी येईल.'

म्हणजे वीस तारखेचे फोन तिचे होते.

बस. यापुढे मला काही सांगायचं नाही.