चिकू नाकाशी धरणारी पोर

मसोली, मंगळवार, १६ फेब्रुवारी २०१६

दमले आज. चार वर्षांच्या रेवाची दाढ ठणकत होती म्हणून डहाणू रोडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "पहिला दात आला की, मूल वर्षाचं व्हायच्या आत दाखवायचं असतं. एवढी कीड लागेपर्यंत थांबलात?" घरी सासूबाईंचं एकच, "दुधाचे दात, पडणारच आहेत." मलाही तेच सोयीचं वाटलं.

मग बाईंनी तिला रमवायला भिंतीवरचं चित्र दाखवलं. रेवा खुर्चीतून उतरून भिंतीपाशी गेली, चित्राला नाक टेकवलं आणि मग म्हणाली, "हत्ती!" बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "डोळे कधी तपासून घेतलेत? शाळेत घालण्याआधी तेही बघायचं असतं." कधीच नाही.

आमच्या वाडीत चिकू निवडताना ती प्रत्येक फळ नाकाशी धरते. सगळे कौतुक करायचे, पोरीला वासावरून पिकलेलं कळतं, आजोबांवर गेलीय. वास कसला! तिला नीट दिसतच नव्हतं.

आता गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पुन्हा रजा मागायची.

हे लिहितेय तर जवळ आली, माझ्या गालाला नाक लावून बघत बसली. रोजच बसते. मला वाटायचं, माया.