उतारावर माझा पाय कुठे होता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न, धंदा मोटार चालवायला शिकवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने आणि स्वतःच्या डोक्याने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी परवाच रक्तदाब मोजला. त्या दिवशीच्या पाच शिकाऊंपैकी कोणाचाही इतका चांगला निघाला नसता. मला कोणी धाक घातलेला नाही, गळ घातलेली नाही, काही पाजलेले नाही. बायको स्वयंपाकघरात आहे, पण तिने अजून यातले काही वाचलेले नाही.

मरायची घाई नाही. पण सव्वीस वर्षे मी गाडीत ज्या सीटवर बसतो तिच्यापुढे स्टिअरिंग नसते. समोरून ट्रक येत असतो आणि शेजारचा माणूस आरशात भांग बघत असतो. अशा धंद्यातल्या माणसाने कागदपत्रे तयार ठेवावीत.

वकील केलेला नाही. माझी शाळा सातवीपर्यंत. गाडी मी बसच्या पहिल्या बाकावर बसून, ड्रायव्हरचे पाय बघत शिकलो. इंजिन उघडून शिकलो. पहिल्या वेळी जोडून झाल्यावर चार स्क्रू उरले, ते अजून डबीत आहेत. कायदा रद्दीवाल्याकडून आणलेल्या पुस्तकातून शिकलो. त्या पुस्तकाची पहिली बारा पाने नाहीत. त्या पानांत काही महत्त्वाचे असेल, तर ते मला माहीत नव्हते असे धरावे.

कलम १. माझ्या मोटार-शाळेच्या कचेरीच्या वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एकोणीस पायऱ्यांचा जिना (मुलगी अठरा म्हणते, कारण ती शेवटची धरत नाही) हे सर्व माझ्या पश्चात बायकोचे. तिच्यावर कोणतीही अट नाही. मोरीतला नळ डावीकडे फिरवला की बंद होतो, उजवीकडे फिरवला की हातात येतो, एवढे लक्षात ठेवावे.

कलम २. बँकेतली ठेव निम्मी बायकोला, निम्मी मुलीला. ठेव किती ते बँक सांगेल. बायकोला मी वेळोवेळी सांगितलेला आकडा थोडा कमी आहे.

कलम ३. हत्यारे. पान्यांचा संच, ग्रीसची बंदूक आणि मोठा जॅक मुलीला. या जॅकवर शेजारच्या पंक्चरवाल्याचा नऊ वर्षांपासून डोळा आहे. तो जॅक मागून नेतो, तेलाने माखून परत आणतो आणि वर म्हणतो, "मास्तर, हा माझ्याकडेच शोभतो." म्हणून मी त्याला या मृत्युपत्राला साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. कोणी काही लिहून ठेवलेच असेल, तर तेवढे कलम गळते. हे माझ्या पुस्तकात पान २१४ वर स्वच्छ लिहिले आहे. त्याला आत्ताच बोलावले असून तो खुर्चीत बसून चहाची वाट पाहतो आहे. कारण त्याला अजून ठाऊक नाही.

कलम ४. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. माझ्याच हाताखाली शिकला आणि माझ्याच रस्त्याला, चार दुकाने सोडून, स्वतःची शिकवणी काढली. मागच्या दाराच्या एकाच ओरखड्याची भरपाई याने चार शिकाऊंकडून घेतलेली आहे आणि ओरखडा अजून तिथेच आहे. माझ्याकडे रस्त्यावर ठेवायचे बारा रबरी सुळके आहेत, त्यांतला एक त्याचा आहे. तो त्याला परत द्यावा. बाकी काही देऊ नये. शोकसभा झालीच तर त्याला माईक देऊ नये.

कलम ५. गाडी आणि शाळा मुलीला. हे द्यायला सहा महिने विचार करावा लागला. चालवते ती उत्तम, शिकाऊंवर ओरडत नाही, आणि माझ्यापेक्षा मागचे जास्त बघते. अडचण होती ती खालच्या पाटीची. पाटी मी स्वतः रंगवली आहे. तीवर दोन ओळी आहेत:

शिकताना गाडीला लागले तर खर्च शाळेचा.
सांगितलेले न ऐकता लागले तर खर्च शिकणाऱ्याचा.

मुलीचे म्हणणे, "बाबा, दुसरी ओळ पुसा. ब्रेक तुमच्याही पायाशी असतो." माझे म्हणणे, दुसरी ओळ नसेल तर लोक गाडीत गाणी म्हणत बसतील. मुलगी म्हणते, "ती ओळ असेल तर मला शाळा नको." आणि ती हट्टाला माझ्यावर गेली आहे.

सव्वीस वर्षांत ती दुसरी ओळ मी एकदाच लावली. त्याबद्दल पुढचे कलम.

~~कलम ६. समोरच्या शिवणकामवाल्या बाई. पडदे आणि गणवेश स्वतः पोचवता यावेत म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्या माझ्याकडे शिकायला आल्या. वीस तासांपैकी सातवा तास चालू होता. धोब्याच्या दुकानाजवळचा चढ, गाडीचे तोंड वर, पहिला गिअर, इंजिन चालू, हँडब्रेक मीच सोडायला लावलेला. बाईंनी क्लच आणि ब्रेक दोन्ही घट्ट दाबून धरले होते. त्यांचे पाय मी शिकवलेल्यांत सर्वांत शहाणे. तेवढ्यात मेहुण्याने नवी गाडी शेजारी आणून काच खाली केली आणि विचारले, "भावजी, अजून याच खटाऱ्यात?" मला त्याच्याशी सविस्तर बोलायचे होते. मी बाईंना म्हणालो, "पाय काढा, ब्रेकवर माझा पाय आहे." त्यांनी काढले. शिकवणाऱ्याच्या बाजूला दोन पेडल असतात, डावे क्लच, उजवे ब्रेक. माझा पाय डाव्यावर होता. क्लच दाबलेली गाडी उताराची असते. ती मागे गेली आणि धोब्याच्या लोखंडी फाटकाच्या खांबावर बसली. मागचा दिवा, बंपर आणि डिकीचे झाकण गेले.

खाली पाहिले तेव्हा मला पाय दिसला. मी तो उचलून चार बोटे उजवीकडे ठेवला. कोणी पाहिले नाही. मेहुणा गाडीतून उतरून विचारत आला, "चूक कुणाची?" त्याच्या तोंडासमोर मी म्हणालो, "बाईंनी ब्रेक सोडला." हे वाक्य खोटे नव्हते, म्हणून जास्त वाईट होते. बाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीच म्हणालात ना, पाय काढा?" मी म्हणालो, "हळूहळू काढा म्हणालो होतो." हे मात्र खोटे होते.

दुसरी ओळ लावली. त्यांच्याकडे तेव्हा रोख नव्हती. त्यांनी गाडीला राखाडी कापडाची, मरून रंगाच्या गोटाची सीट कव्हरे शिवून दिली आणि पुन्हा आल्या नाहीत. अजून त्या गठ्ठे खांद्यावर घेऊन बसने जातात. कव्हरांची एकही शिवण आजवर उसवलेली नाही. उसवली असती तर बसायला बरे वाटले असते.

तरी माझ्या मृत्यूनंतर मुलीने त्यांना समक्ष भेटून पाय माझा होता हे सांगावे, कव्हरांच्या कापडाची किंमत व शिलाई ठेवीतून द्यावी, आणि राहिलेले तेरा तास फुकट शिकवावे.~~

वरील कलम ६ खोडले आहे. खोड माझीच आहे, समासात माझी छोटी सही आहे. खोडण्याचे कारण पुढे देत आहे, कारण कारण न देता केलेली खाडाखोड मला आवडत नाही.

कलम ७. सहावे कलम लिहून मी पेनात शाई भरायला उठलो, तेवढ्यात बायको पंक्चरवाल्याचा चहा घेऊन आली आणि उभ्यानेच वाचू लागली. चहा तिच्या हातातच गार झाला.

"अहो, हे सहावं काय आहे?"

"मृत्युपत्रातलं कलम."

"ते दिसतंय. पाय तुमचा, थाप तुमची, आणि सांगायला जायचं पोरीने?"

"तेव्हा मी नसेन."

"म्हणून तर विचारते. आत्ता आहात ना? आत्ता काय धाड भरलीय?"

मी पुस्तक उघडून पान शोधू लागलो. ती खिडकीशी गेली आणि समोर हाक मारली, "बाई, जरा वर येता का? तुमच्या उपयोगाचा कागद आहे." आईच्या मागून दारात येऊन उभी राहिलेली मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, आपल्याकडे मागचा जिना नाहीये."

बाई गळ्यात टेप घेऊनच आल्या. त्यांनी कलम वाचले. बेरीज तपासावी तसे बोट ठेवून, दोनदा वाचले.

"क्लच?" त्यांनी विचारले.

"क्लच."

"मग मी बरोबर काढला होता पाय."

"अगदी बरोबर."

त्या खुर्चीवर बसल्या. मला वाटले आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर मी नीट खुलासा करू शकलो असतो.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या, "मशीनला बसले की आधी वाकून बघते, पाय पायट्यावरच आहे ना. गिऱ्हाइकं विचारतात, काही पडलंय का खाली. मी म्हणते, सुई पडली."

पंक्चरवाल्याने गार चहा प्यायला.

मी म्हणालो, "बाई, मी सगळं भरून देणार आहे. लिहूनच ठेवलंय."

"मेल्यावर."

"हो."

"आणि मी आधी गेले तर?"

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. बहुधा तो पहिल्या बारा पानांत असावा.

एवढ्यात तिसरे कलम वाचून झालेला पंक्चरवाला कडवट तोंडाने म्हणाला, "लिहून ठेवल्याचा भरवसा धरू नका बाई. मला साक्षीला बसवला आणि माझा जॅक घालवला. साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणे."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. "म्हणजे मी साक्षीला सही केली, तर हे सहावं कलम?"

"गळतं," मी म्हणालो. कायद्याचे काही विचारले की मला गप्प बसवत नाही. "पान दोनशे चौदा."

"मग द्या पेन."

मी सांगितले की दुसरे साक्षीदार म्हणून डॉक्टर यायचे आहेत. बायको म्हणाली, "डॉक्टरांना येऊ नका म्हणून कळवते." मी सांगितले की बाईंचेच यात नुकसान आहे. बाई म्हणाल्या, "मास्तर, मला मेलेल्या माणसाकडून काही नको. तुम्ही समोर बसलेले आहात तोवर द्या."

सबब कलम ६ खोडले. कापडाची किंमत आणि शिलाई आजच्या दराने आज दुपारी दिली. बायको म्हणाली, बँकेत थोडे जास्त आहे असे तिने दुसऱ्या कलमात वाचले आहे, तेव्हा अडचण नसावी. कव्हरे गाडीतच राहतील; काढून देतो म्हणालो तर बाई म्हणाल्या, "राहू द्या. मलाच बसायचंय."

कलम ८. राहिलेले तेरा तास उद्या सकाळी सात वाजता सुरू होतील. मी स्वतः शिकवीन. जागा तीच, धोब्याचा चढ. जागा बाईंनी निवडली. त्यांची एकच अट आहे, मास्तरांनी पाय दिसतील असे ठेवावेत. ती मान्य केली आहे. माझ्या बाजूच्या उजव्या पेडलला आज संध्याकाळी पांढरा रंग मारला. मेहुण्याला निरोप पाठवला आहे की सात वाजता त्या रस्त्याने जाऊ नये, आणि जायचेच असेल तर थांबून ऐकावे, चूक कोणाची होती ते मी त्याला सांगणार आहे.

मुलगी रंग खरवडायला पत्र्याचा तुकडा आणि रॉकेल घेऊन खाली गेली होती. पाटीवर आता एकच ओळ आहे. अक्षर माझे असल्यामुळे एकटीही चांगली दिसते. शाळा मी स्वीकारते, असे मुलीने तोंडी सांगितले. लेखी नंतर घेईन.

या मृत्युपत्रावर आज रात्रीच्या आत सह्या व्हाव्यात असा बायकोचा आग्रह पडला. उद्या सातनंतर खात्री नाही, असे तिचे म्हणणे.

उद्यापासून बाईंच्या हातून गाडीला, फाटकाला, खांबाला किंवा मला जे काही लागेल त्याचा खर्च माझा. मी असेन तर मी भरीन. नसेन तर कलम २ पाहावे. गाडी मुलीने उरली असेल तशी घ्यावी.

याखेरीज मी पूर्वी केलेले मृत्युपत्र नाही, आणि पुढे केले तर त्यात इतकी माणसे बोलणार नाहीत याची काळजी घेईन. येथे लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले आहे. खाडाखोड एक, खोटे शून्य.

ठिकाण: कचेरीच्या वरची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: चौदा, मंगळवार, संध्याकाळी सव्वासात.

सही: मोटार शिकवणारे मास्तर

आमच्या दोघांच्या समक्ष मास्तरांनी सही केली, आणि मास्तरांच्या समक्ष आम्ही केल्या.

साक्षीदार १: शेजारचा पंक्चरवाला. (जॅक सध्या माझ्याकडे आहे, एवढे नमूद करतो.)

साक्षीदार २: समोरच्या शिवणकामवाल्या बाई. (सही करताना मी खाली पाहिले नाही.)